खुशालीचा कागद

पोखर्णी,
ता. १९ डिसेंबर १९८८

चि. केवळा हिस,

मालनआक्काचा आशीर्वाद. हा कागद लिंबाजीकडे वाचायला देण्याआधी तू स्वतः चहूबाजूंनी बघून घे. चारही कोपरे धड आहेत. वरच्या दोन कोपऱ्यांना हळदीचं बोट लावलंय, पाकिटात पुसलं गेलं तरी पिवळं दिसेल. हा मशीनवर काढलेला नाही, हातानं लिहिलाय. म्हणजे मी मेलेले नाही आणि दुसरंही कुणी मेलेलं नाही. आता दे त्याच्याकडे.

लिंबाजी, बाबा, सावकाश वाच. लहानपणी तू मधले शब्द गिळायचास, ती खोड गेली असेल अशी आशा आहे. आई मध्येच "बास झालं, ठेव ते" म्हणाली तरी थांबू नको. ती म्हणणारच.

इकडं सर्व ठीक. ज्वारी हुरड्यात आलीय. शेळीला दोन पिल्लं झाली, दोन्ही पाटी, बोकड एकही नाही. माझा डावा गुडघा थंडीनं धरलाय, पण चालते. माझी सुनंदा चारठाण्याला सासरी मजेत आहे, धाकटा आता पायरी चढायला लागला.

आता मुद्द्याचं. गेल्या बुधवारी तू आलीस आणि पाणी न पिता गेलीस. "मला खेळवलंस व्हय गं? जितेपणी रडून घेतलंस माझ्याकडनं," असं म्हणून गेलीस. केवळे, आपल्या आईची आण घेऊन सांगते, मी खेळवलं नाही. नऊ वर्षांनी तू माझ्या दारात आलीस आणि ती अशी गेलीस, हे मला सोसवत नाही. कसं झालं ते पहिल्यापासून सांगते. ऐकून घे, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

मी शाळेतून निवृत्त झाले ते कुणीतरी तुझ्या कानावर घातलंच असेल. सगळा जन्म पोरांच्या कलकलाटात काढलेला, आणि आता घरात एखादं भांडं पडलं तरी बरं वाटायचं, तेवढाच आवाज. मग पत्रं लिहायला लागले. दत्तरावांना तेच, सुनंदाला तेच, जुन्या शिक्षिकांना तेच. शेळी, गुडघा, नरसिंहाच्या देवळातली गर्दी. एक दिवस माझाच मला वीट आला. म्हटलं, आपणच आपला एक कागद काढावा. एकदा लिहायचं आणि सगळ्यांना धाडायचं. नाव ठेवलं 'खुशालीचा कागद'.

दिनकररावांना सांगितलं तर ते हसले. आमच्या गावातलं मोठं प्रस्थ, रोज दोन पेपर वाचणारे. म्हणाले, "बाई, पेपरात विचार पाहिजे. तुमच्या शेळीचं कुणाला काय पडलंय?" मी म्हटलं, "विचारही घालते की." आणि घातला. विद्यापीठाला नाव द्यायचं ठरवून इतकी वर्षं झाली, आता देऊन टाकावं, असं दोन ओळीत लिहिलं. खाली शेळीचं लिहिलं. दिनकरराव त्या दिवसापासून रस्त्यात भेटले की आभाळाकडं बघतात.

मशीन मिळालं परभणीला. एक शिकवणीचा वर्ग बंद पडला होता, त्यांचं सायक्लोस्टाइल धूळ खात होतं. "घेऊन जा बाई, जागा तरी मोकळी होईल," म्हणाले. आमच्या शाळेत परीक्षेचे पेपर त्याच्यावर निघायचे, पण ते शिपायाचं काम, मी कधी हात लावला नव्हता. मला वाटलं, त्यात काय एवढं? मेणाच्या कागदावर लोखंडी टोकानं लिहायचं, तो कागद ढोलावर चढवायचा, मूठ फिरवली की शाई पाझरते आणि खालच्या कोऱ्या कागदावर अक्षर उमटतं. इतकं सोपं.

कसलं सोपं! पहिल्या दिवशी जोर लावून लिहिलं तर व, ब, ठ यांची पोटंच गळून पडली, सगळीकडं काळे ठिपके. दुसऱ्या दिवशी हलक्या हातानं लिहिलं तर काही उमटलंच नाही. तिसऱ्या खेपेला झकास लिहिलं आणि मेणकागद उलटा चढवला. कडूबाई म्हणाली, "राहू द्या की बाई, आरशात धरून वाचतेल लोक."

कडूबाई म्हणजे माझी शेजारीण. त्यांची मेंढरं आहेत, नवरा बाराही महिने कळपामागं. तिला अक्षर येत नाही, पण मूठ फिरवायची तिला भारी हौस. पदर खोचून अशी गरागरा फिरवायची की शाई भिंतीवर. आठवडाभर आमच्या दोघींचे हात कोपरापर्यंत काळे. दुकानदार म्हणाला, "बाई, मीठ पिशवीतूनच न्या, हात नका घालू."

शेवटी जमलं. पण शाई जाड झाली होती, नाहीतर थंडीनं घट्ट. दर कागदाचा वरचा उजवा कोपरा ढोलाला चिकटून बसायचा. ओढला की टरकायचा. कधी थोडा, कधी बोटभर. मी म्हटलं, चालायचंच, पहिला अंक आहे. मी ओसरीवर जाऊन पत्ते लिहायला बसले आणि कडूबाई आत घड्या घालून एकेक आणून द्यायला लागली. ती घडी अशी घालायची की वरचा भाग आत जायचा. मी वरून पत्ता लिहीत गेले, एकही घडी उघडली नाही.

आत तिनं काय केलं असेल? सगळ्या कागदांचे कोपरे फाडले. नीट, एकसारखे, दुमडून नखानं रेघ देऊन. मागून विचारलं तर छाती काढून सांगते, "निम्मे फाटके, निम्मे धड, बरं दिसंना. म्हून सगळ्याला सारखं केलं."

आता तिला काय बोलू? तिच्या घरी आजवर टपाल आलेलं नाही. त्यांच्यात मयतीचा सांगावा माणूस घेऊन येतो. कोपरा फाटलेला कागद म्हणजे कुणी गेल्याची खबर, हे तिला कुणी कधी सांगितलंच नाही. आणि मला, जिला सगळं कळतं, तिनं पाहिलं नाही. पेटी भरून कागद टाकून आले आणि घरी येऊन चक्क शिरा केला.

पहिले आले दत्तराव, माझे चुलतदीर, सेलूहून. मी अंगणात मिरच्या निसत बसले होते. फाटकापासून अंबाबाईनं गळा काढला, "माझ्या जाऊबाई गंऽऽ", आणि मागं दत्तराव, डोक्यावर उपरणं, हातात भाकऱ्यांचं गाठोडं. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून बिचाऱ्यांनी पिठलंसुद्धा बांधून आणलेलं. मला बघून दत्तरावांनी फाटकच धरलं.

"वहिनी, तुमी हाव?"

"हाय की."

"मंग हे काय धाडलंय?"

त्यांनी खिशातून घडी काढली आणि मी तो कोपरा पाहिला. अंबाबाईचं रडं मात्र थांबेना. जोरात सुरू केलेलं रडं असं एकदम थांबतं का? ती माझ्याकडं बघतच रडत होती. मग चहा केला. त्यांनीच आणलेलं पिठलं-भाकर सगळ्यांनी खाल्लं. जाताना दत्तराव रागावूनच गेले. "दोनदा आंघोळ केली मी थंडीत," म्हणाले.

मग रोजच कुणी ना कुणी. मेल्यावर आपल्याकडं कोण येतं हे कुणाला बघायला मिळतं? मला मिळालं. ज्यांचा भरवसा होता ते फिरकले नाहीत, आणि ज्या मालतीबाईशी मी शाळेत सात जन्माचं वैर धरलं होतं ती नांदेडहून आली. गळ्यात पडली माझ्या.

दत्तराव गेले त्याच दुपारी मी कार्डं घेऊन बसले. 'मी जिवंत आहे, गैरसमज नसावा.' एकदा लिहून सुटायचं म्हणून मशीन आणलं आणि आता एकेकाला हातानं लिहीत बसले. तुझं कार्ड सगळ्यात आधी घेतलं. 'चि. केवळा' लिहिलं आणि पुढं हात चालेना. बाजूला ठेवलं. दुसरी सगळी लिहून झाली, तुझं तसंच. टाकलं असतं तरी तुला वेळेत मिळालं नसतं, हे मला समजतं. तरीही ते टाकलं नाही हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता खरं सांगू का? हा सगळा खटाटोप मी शेळीचं आणि गुडघ्याचं सांगायला केला नव्हता. तुला पत्र लिहिणं मला जमत नव्हतं. 'केवळा, कशी आहेस' असं लिहिलं की माझी मान खाली जाणार, असं वाटायचं. मग सगळ्यांनाच एक कागद जातो तर तुलाही गेला, त्यात काय? कुणी कुणापुढं वाकलं नाही. लिंबाजी तुला वाचून दाखवील, तुला कळेल आक्काचा गुडघा दुखतो, शेळी व्याली. एवढंच मला पाहिजे होतं. आणि तुझ्या हातात पडलं काय? नऊ वर्षांत पोखर्णीहून पहिला कागद, तोही कोपरा फाटलेला. तू दुसरं काय समजणार! पोस्टमन 'पोखर्णीचा कागद' म्हणून सायकलवरून देऊन गेला असेल, लिंबाजी रानात असेल, तू घडी उघडलीस आणि तशीच स्टेशनावर गेलीस. पायात वहाणासुद्धा नव्हत्या तुझ्या, मी पाहिल्या तुझ्या टाचा.

आज इथंच थांबते. कडूबाई हाका मारायलीय, शेळीनं दावं तोडलंय.

ता. २०

लिंबाजी, इथून पुढं दार लोटून घे. सूनबाईला म्हण चहा टाक. तिच्यावर अविश्वास नाही, पण हे तुझ्या आईच्या कानाशीच वाचायचं आहे. नऊ वर्षांपूर्वी आमची आई, तुझी आजी गेल्याचं कार्ड तूच लिहिलं होतंस, शाळकरी अक्षरात. तेव्हा तुला जेवढं सांगितलं तेवढंच लिहिलंस. तुला सगळं ठाऊक असणार.

केवळे, तू पुढच्या दारानं आली नाहीस. मागून, रानाच्या वाटेनं आलीस. धुण्याच्या दगडावर बसलीस आणि भिंतीला डोकं लावलंस. पुढं चार माणसं बसली असतील, आपण कोणत्या तोंडानं जावं, असं तुला वाटलं असेल. त्या भिंतीच्या आत चूल आहे. चुलीशी मी होते, पिठात हात.

तू "आक्के" म्हटलंस आणि मला कळलं कोण. उठून मागचं दार उघडायला कितीसा वेळ लागला असता? मी उठले नाही. परवापर्यंत स्वतःला सांगत होते की गुडघा आखडला होता. गुडघा बरा होता. मला ऐकायचं होतं. नऊ वर्षांत तू माझ्याशी एक शब्द बोलली नव्हतीस आणि आता बोलत होतीस. मी बाहेर आले असते तर तू गप्प झाली असतीस. तेवढं खेळवणं मी केलं, ते माझ्या पदरात घाल. कोपऱ्याचं नाही.

किती बोललीस गं! "मला पाठुंगळी घिऊन साळंला जायचीस आक्के, तू शिकलीस, मी पाटी फोडून पळून आले." मग चिंचेखालचं भांडण. मग माझी हिरवी चोळी तू जाळलीस ते, बंबात घातलीस म्हणे, इतकी वर्षं मला वाटायचं उंदरानं नेली. मला आत हसू आलं, पिठाचा हात तोंडाला लावून दाबलं.

आणि मग तू ते बोललीस.

"आई हळदीच्याच दिवशी गेली गं आक्के. माझ्या गळ्याची शपथ घातली तिनं. म्हणली, एकदा मोडलेली सोयरीक हाय, बिनबापाची पोर हाय, सुतक कळलं तर वऱ्हाड माघारी जाईल. पोरीवर अक्षता पडू दे, मंग सांग. आन् दिवस कधीच सांगू नको. मी न्हाई सांगितला गं. तू नाही नाही ते बोललीस, मी न्हाई सांगितला. पोरीचं पहिलं लेकरू गेलं तवा तर मी तोंड शिवून घेतलं, म्हटलं, त्या लोकांला कळलं तर सुतकातलं लग्न म्हणून तिलाच घराबाहेर काढतेल. आता तू गेलीस, आता कुणाला सांगू मी?"

केवळे, मी इकडं सुनंदाच्या हळदीची गाणी म्हणत होते. मांडवात मावशीचा पाट रिकामा राहिला म्हणून तुझ्या नावानं बोटं मोडली. नामांतराच्या गडबडीनं गाड्यांचा भरवसा नाही असा तू निरोप धाडला होतास, त्यावर मी चारचौघात म्हटलं, सगळी परभणी आली, हिलाच बरी गाडी नाही. मग कार्ड आलं आणि मी चुडाव्याला आले ती भांडायलाच. म्हाताऱ्या आईला नातीच्या लग्नाला आणलं नाहीस, आजारी आहे म्हणून कळवलं नाहीस, तिचं तोंड बघू दिलं नाहीस. तू पाण्याचा तांब्या पुढं केलास तो मी हातानं सारला. "तुझ्या घरचं पाणी मला वर्ज्य," म्हटलं आणि त्याच पावली फिरले. दहाव्यालाही थांबले नाही. थांबले असते तर दिवस मोजून मला कळलं असतं, आणि तुला तेच भय असणार. तू उंबऱ्यात उभी होतीस आणि एक अक्षर बोलली नाहीस.

इतकं सगळं तू एकटीनं कसं वागवलंस गं?

तुझं बोलणं ऐकताना माझ्या हातातून परात सुटली. तो आवाज ऐकून तू खिडकीतून पाहिलंस. तू डोळे पुसलेस, तोंड पुसलंस, ते 'खेळवलंस व्हय गं' बोललीस आणि निघालीस. मी दारात आले तोवर तू बांधावर होतीस. तीस वर्षं वर्गात ओरडले, पण तुला एक हाक मारली नाही.

आता तू मनाला लावून घेशील की आईची शपथ मोडली. मोडली नाही. मला सांगू नको असं आईचं म्हणणं होतं. तू मला कुठं सांगितलंस? तू मेलेल्या आक्काला सांगितलंस. भिंतीपलीकडं जी जिती होती तिनं चोरून ऐकलं, तो तिचा गुन्हा. सुनंदाला सांगायचं की नाही ते तू ठरव. शपथ तुझ्याकडं होती, तूच ठरवायचं. तिचा खुशालीचा कागद मी टाकलाच नव्हता, ती हुरड्याला यायची होती म्हणून, नाहीतर त्या पोरीचं काय झालं असतं देव जाणे. तो कोपरा मी भाताच्या शितानं चिकटवून दिला.

कडूबाई दुसऱ्या अंकासाठी मागं लागलीय. मी म्हटलं, आधी कात्री, नखं, सगळं बांधून ठेव. पहिली ओळ ठरलीय: 'ज्यांना रडायला यावं लागलं त्यांची क्षमा मागते, चहा अजून शिल्लक आहे.' पुढं शेळीच. तुझं-माझं त्यात एक अक्षर येणार नाही. ते सगळ्यांना धाडायचं नाही.

मी गुरुवारी येते. सकाळी इथून निघून परभणीला गाडी धरते, दुपारपर्यंत चुडाव्याला पोचेन. लिंबाजीला स्टेशनावर पाठवू नको, मला वाट येते. पुढच्या दारानं येईन. वाड्यावस्तीवर कुणी विचारलं कोण आलंय, तर सांग, आक्का आलीय, मेली नव्हती. मला गोडधोड करू नको. आई कुठं झोपायची ती जागा दाखव, शेवटी काय बोलली ते सांग, जेवढं आठवतं तेवढं सगळं. लागला तर दिवस लागू दे.

आणि दारात आल्याबरोबर मी तुला पाणी मागणार आहे. तांब्या भरून ठेव. मी सारला तो अजून असला तर तोच.

पाण्याला येणारी,
तुझी आक्का